हे पाणी आभाळातले नव्हे!

२६ मे २०२५ रोजी, मृग नक्षत्र लागायला जवळपास पंधरवडा असताना, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला आणि देशातल्या सर्वांत धनाढ्य महापालिकेच्या साऱ्या बैठका, साऱ्या पाहण्या आणि नालेसफाईच्या साऱ्या टक्केवाऱ्या त्याने एका सकाळीत धुऊन काढल्या. हिंदमाता तुंबले, गांधी मार्केट तुंबले. वरळीच्या आचार्य अत्रे चौकातले भुयारी मेट्रो स्थानक सुरू होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते. त्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रवेशमार्गापाशी पाणी थोपवण्यासाठी घातलेली तात्पुरती भिंत कोसळली आणि गढूळ लोंढा थेट स्थानकात उतरला. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी येथील तुंबलेले पाणी उपसणारी छोटी उदंचन केंद्रे, जी याच एका दिवसासाठी उभारलेली होती, ती वेळेवर सुरूच झाली नाहीत. मग महापालिकेने न्यायनिवाडा केला: चारही ठिकाणच्या कंत्राटदारांना प्रत्येकी दहा लाख रुपये दंड. मुंबईच्या अब्रूचे मोल चाळीस लाख ठरले!

पाऊस लवकर आला, असे आम्हांला सांगण्यात आले. पाऊस विक्रमी होता, असेही सांगण्यात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेने त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि १९१८ पासून अबाधित असलेला मे महिन्याचा विक्रम मोडला. पण ज्या यंत्रणेचा जन्मच विक्रमी पावसासाठी झाला, तिने विक्रमी पावसाची सबब सांगावी, यापरता निर्लज्जपणा कोणता? साध्या पावसाला गटारे पुरतात. उदंचन केंद्र बांधायचे ते असाधारण दिवसासाठी. तो दिवस उगवल्यावर 'हा दिवस असाधारण होता' असे निवेदन काढून मोकळे होणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे: हे पाणी आभाळातून आले हे आम्हीही पाहिले, पण ते तुंबले ते कोणाच्या दप्तरात?

त्या दप्तराचा इतिहास वाचकांनी एकदा शांतपणे, शक्य असल्यास रक्तदाब सांभाळून, वाचावा. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागार नेमले. त्यांनी शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा कानाकोपरा तपासून १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा अहवाल सादर केला. ब्रिटिश अमदानीतल्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेल्या होत्या, तेही समुद्राला ओहोटी असताना, आणि पडलेल्यापैकी निम्मे पाणी जमिनीत मुरेल या भरवशावर. ती जमीन आता उरली आहे कुठे? शेवटचे अंगण फरसबंद करून, शेवटच्या तळ्यावर भराव टाकून, पाण्याने मुरण्याची एकेक जागा चौरस फुटांच्या हिशेबाने विकून झाल्यावर पडलेला प्रत्येक थेंब नाल्यातच धावणार, हे अहवालाने स्पष्ट बजावले. वाहिन्यांची क्षमता दुप्पट करून तासाला ५० मिलिमीटर करा, निम्मे पाणी मुरण्याचे गृहीतक सोडून द्या आणि समुद्राकडे उघडणाऱ्या मोक्याच्या आठ जागी उदंचन केंद्रे उभारा, असे त्याने सांगितले: हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध, मोगरा आणि माहुल. खर्चाचा अंदाज होता सुमारे ६१६ कोटी रुपये. महापालिकेने अहवाल स्वीकारला, बांधला आणि कपाटात ठेवला.

बारा वर्षे तो तेथेच राहिला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटरच पडला, म्हणजे एकाच शहराचा दक्षिण भाग छत्र्या झटकत घरी पोहोचला आणि उत्तर भाग मोटारींच्या बंद काचांआड, दरडींखाली आणि मिठी नदीच्या काठच्या झोपड्यांत शेकडोंच्या संख्येने मेला. दुपारी समुद्राला साडेचार मीटरच्या घरातली भरती होती. शहराचे पाणी समुद्रात सोडणारी १८६ पातमुखे आहेत आणि त्यांतली भरतीच्या पातळीहून उंचावर असलेली अवघी सहा. उरलेल्यांतून भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाणे दूरच, झडप नसेल तर समुद्रच आत शिरतो. जे १९९३ च्या अहवालात आकड्यांनी लिहिले होते, ते २००५ मध्ये प्रेतांनी लिहिले गेले. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि २००६ मध्ये तिनेही आपला अहवाल दिला. १९९३ मध्येच, म्हणजे ब्रिमस्टोवॅडच्या जन्मवर्षी, स्टॉकहोमचा जागतिक जल पुरस्कार चितळ्यांना मिळाला होता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पाण्याचे शास्त्र जाणणाऱ्यांची या भूमीत वाण कधीच नव्हती. वाण आहे ती त्यांचे ऐकणाऱ्यांची.

२००७ मध्ये केंद्राने बाराशे कोटी रुपये मंजूर केले आणि कामे सुरू झाली. हाजी अली आणि इर्ला २०११ च्या सुमारास, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर २०१५ च्या आसपास, मग ब्रिटानिया, आणि २०१९ मध्ये गझदरबंध. सव्वीस वर्षांत सहा. मोगरा आणि माहुल तीस वर्षे उलटून गेल्यावरही उभी नाहीत. मोगऱ्याची जागा वादात अडकली, माहुलची जागा मिठागराच्या मालकीत. केंद्राचे मीठ आयुक्त आणि राज्याची महापालिका यांच्यात कागद फिरत राहिला. दरसाल अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो तो मोगऱ्याच्या नावाने, आणि कुर्ला, चुनाभट्टी, शीव, गांधी मार्केट बुडतात ते माहुलच्या नावाने. ज्या राज्यात एखाद्या गृहसंकुलाच्या बांधकामासाठी जमिनीचा वापर एका सहीनिशी बदलतो, त्या राज्यात लाखो माणसांना कोरडे ठेवणाऱ्या केंद्रासाठी जमिनीचा एक तुकडा तीन दशकांत हाती आला नाही, हे आम्ही प्रशासकीय अडचण म्हणून मान्य करावे अशी अपेक्षा आहे. आम्ही ते मान्य करत नाही.

आणि आता जी सहा उभी आहेत त्यांच्याकडे वळू, कारण खरा अनर्थ तेथे दडलेला आहे. उदंचन केंद्र म्हणजे पंप, अशी आपल्या लोकप्रतिनिधींची प्रामाणिक समजूत आहे. उद्घाटनाच्या दिवशी कळ दाबली, पाण्याचा फवारा उसळला, छायाचित्र निघाले, की केंद्र झाले. या केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उचलतो, म्हणजे सेकंदागणिक सहा टन. ते सहा टन ज्याच्या पोटातून उचलले जातात, जे जमिनीखाली पाच-दहा मीटर खोल, खाऱ्या पाण्यात, खाडीच्या लिबलिबीत चिखलात पाय रोवून उभे असते, ते काँक्रीटचे पात्र कोणी पाहत नाही. पंप बदलता येतो. ते पात्र बदलता येत नाही.

त्या पात्रावर काय ओढवते ते ऐका. सामान्य इमारतीचा शत्रू तिचे वजन असते. याचा शत्रू त्याचा हलकेपणा असतो. भोवतीची जमीन पाण्याने गच्च भरलेली असताना पंपांनी आतले पाणी उपसले की ते रिकामे पात्र जहाजासारखे तरंगू पाहते. पाण्याच्या पातळीखाली दहा मीटर तळ असेल तर त्या तळाच्या दर चौरस मीटरला खालून दहा टनांची उचल बसते. तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद तळ धरला तर सहा हजार टन. ही उचल थोपवायची ती तळाच्या जाडीने, भिंतींच्या भाराने, नाहीतर खालच्या खडकात घट्ट रुतवलेल्या आणि ताण सोसणाऱ्या पाइल्सनी. आणि थोपवणारे वजन उचलीहून किमान वीस टक्क्यांनी अधिक हवे, असा भारतीय मानकाचाच दंडक आहे. म्हणजे केंद्र सर्वाधिक धोक्यात असते ते नेमके चोख काम करत असताना, पाणी उपसून आतला भाग रिकामा झाल्यावर. ज्याने हे गणित मांडले नाही, त्याने कळ दाबणे म्हणजे पायाखालची जमीन सोडवणे.

मग भिंती. एका बाजूला ओली माती आणि भूजल, दुसऱ्या बाजूला कधी पाणी तर कधी पोकळी. दाब दर भरतीला फिरतो, वर्षाला सातशेहून अधिक वेळा. पाणी धरणाऱ्या काँक्रीटमधली भेग ०.२ मिलिमीटरपेक्षा रुंद होता कामा नये असे मानक सांगते, कारण त्या भेगेतून क्षार आत शिरतो, सळईपर्यंत पोहोचतो, सळई गंजते, गंजून फुगते आणि फुगून वरचे काँक्रीट सोलून काढते. भरतीच्या पट्ट्यातल्या बांधकामात सळईवर काँक्रीटचे ७५ मिलिमीटर आवरण हवे. कामावर हे आवरण राखतात ते सळईखाली ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी, आणि तो ठोकळा ठेवायला जो मुकादम विसरला, त्याने केंद्राच्या आयुष्यातली वीस वर्षे एका दुपारी खाल्ली. ओतकामानंतर त्या चुकीवर काँक्रीटचा पडदा पडतो. म्हणूनच ओतकामापूर्वी प्रत्येक सळई मोजणारा, 'थांबा' म्हणण्याची छाती असलेला आणि 'थांबा' म्हटल्याबद्दल ज्याची बदली होणार नाही असा अभियंता त्या खड्ड्यात उभा असावा लागतो. असा अभियंता कोणत्याही निविदेत खरेदी करता येत नाही.

याखेरीज पंपांचे कंपन आहे, जे पायाच्या स्वाभाविक कंपनाशी जुळले तर बोल्ट सैल करते आणि बेअरिंगना खाते. पंपांच्या तोंडाशी येणारे पाणी एकसारखे आणि संथ यावे म्हणून केलेली आतली रचना आहे. ती चुकली तर पाण्यात भोवरा उठतो, पंप हवा गिळतो आणि सहा टनांचा पंप चार टनांचा होतो. कचरा अडवणाऱ्या जाळ्या आहेत, ज्यांवर नाल्यातून वाहत आलेल्या गाद्या, थर्माकोल आणि अख्खी सोफ्याची बाके येऊन आदळतात. विजेचे फलक आणि जनित्रे आहेत, जी पुराच्या कमाल पातळीच्या वर बसवली नसतील तर पूर आल्यावर सर्वांत आधी तीच बुडतात. यांतली एकही गोष्ट अगम्य नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला बसलेला मुलगा हे सांगू शकतो. महापालिकेच्या पर्जन्यजलवाहिनी खात्यात हे जाणणारे अभियंते आहेत, जाणकारीने काम करणारेही आहेत, हे आम्ही अमान्य करत नाही. त्यांचे टिपण वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा प्रश्न आहे.

दांभिकता पाहायची असेल तर ती येथे पाहा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण करून घेणे महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. लालबागच्या चाळीतला निवृत्त गिरणी कामगार असो वा मुलुंडच्या सोसायटीचा सचिव असो, त्याच्या दारी नोटीस येते, मुदत येते, दंडाची धमकी येते. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या वाजतगाजत प्रसिद्ध होतात. ठीक आहे, कायदा योग्यच आहे. पण खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या, वर्षातून चार महिने थरथरणाऱ्या आणि शहरातल्या सर्वाधिक क्षारग्रस्त हवेत श्वास घेणाऱ्या या केंद्रांचे लेखापरीक्षण कोणत्या तारखेला झाले, कोणी केले, कोणत्या भिंतीत किती भेग आढळली, कोणत्या झडपेची बिजागरी गंजली आहे, याचा कागद एखाद्या मुंबईकराने कधी डोळ्यांनी पाहिला आहे काय? नागरिकाच्या छपराची काळजी वाहणारी ही माउली स्वतःच्या तळघरात कधी उतरते? हाजी अलीच्या केंद्राने आता दहा पावसाळे ओलांडले आहेत. समुद्राकाठच्या काँक्रीटसाठी तेवढा काळ नाडी तपासायला पुरेसा असतो.

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन उजाडला की हेच कारभारी विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतात. ज्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मुंबई इलाख्याच्या सेवेत खडकवासल्याला आपोआप उघडणारी पूरद्वारे बसवली आणि १९०८ च्या मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबादला पुरापासून वाचवण्याची योजना आखली, त्यांच्या नावाने भाषण ठोकून खाली उतरलेला पाहुणा त्याच संध्याकाळी कोणत्या निविदेवर सही करतो? सर्वांत कमी दराच्या. कमी दर भरणारा कंत्राटदार ते काम पोटकंत्राटदाराला देतो, पोटकंत्राटदार आणखी कोणाला देतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर पंपापाशी उभा असतो महिना बारा-पंधरा हजारांवर आणलेला एक पोरगा, ज्याला जनित्र सुरू करायचे तर किल्ली कोणाकडे आहे हेही ठाऊक नसते. मे २०२५ मध्येच मिठी नदीचा गाळ काढण्याच्या कामांत ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल आणि आरोपींना त्यांचा बचाव करू द्यावा. पण जो गाळ निघाला की नाही याविषयीच फौजदारी चौकशी करावी लागते, त्या गाळावर या शहराचे प्राण अवलंबून आहेत, एवढे तरी कोणी नाकारणार नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही, आणि आमचा संताप त्यामुळेच अधिक आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले. धरणाच्या पोटातून पाणी सोडणाऱ्या भुयाराला सळयांचे मजबूत काँक्रीट हवे होते, तेथे बिनसळईचे ठोकळे वापरले होते. काम घाईने रेटलेले, दरवाजे पुरते बसलेले नाहीत आणि तरीही तलाव भरू दिलेला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला म्हणून पुण्याला पहाट पाहता आली. पानशेतच्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षे गेली. तिवरे गावच्या धरणाला गळती लागल्याचे ग्रामस्थ सांगत होते, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटून चिपळूण तालुक्यातली वीसहून अधिक माणसे वाहून गेली. तेव्हा राज्याचे जलसंधारणमंत्री काय म्हणाले? धरण खेकड्यांनी पोखरले! महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात मृतांची याहून क्रूर थट्टा आम्हांला आठवत नाही. पानशेतनंतर निदान न्यायमूर्तींचा आयोग बसला होता. तिवऱ्यानंतर आरोपीच्या पिंजऱ्यात खेकडे उभे केले गेले, आणि खेकड्यांवर खटला चालत नाही ही सोय कोणाच्याच नजरेतून सुटली नाही.

कोणी म्हणेल, निसर्गापुढे धनाढ्य देशांचेही चालत नाही. खरेच आहे. मुंबईच्या प्रलयानंतर महिनाभरात, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर कतरिना वादळाने बुडवले. पण तेथे पुढे काय झाले ते पाहा. शहरातल्या दोन मोठ्या कालव्यांच्या पूरभिंती पाणी माथ्यावरून जाण्याआधीच, त्यांच्या संकल्पनाने गृहीत धरलेल्या पातळीच्या आतच कोसळल्या, हे अभियंत्यांनी शोधून काढले. पायाखालच्या मऊ मातीची ताकद कागदावर जास्त धरली गेली होती. आणि त्या भिंती ज्या लष्करी अभियांत्रिकी दलाने बांधल्या होत्या, त्याच दलाने पुढच्याच वर्षी, २००६ च्या जूनमध्ये, दोष आपल्या रचनेचा होता असे जाहीरपणे मान्य केले. सहा वर्षांच्या आत जगातल्या सर्वांत मोठ्या उदंचन केंद्रांत गणले जाणारे नवे केंद्र त्या शहराजवळ उभे राहिले. त्यांचेही पाय मातीचेच आहेत. ५ ऑगस्ट २०१७ च्या पावसात तेच शहर पुन्हा तुंबले. सगळे पंप चालू आहेत असे आधी सांगण्यात आले आणि मग अनेक पंप नादुरुस्त, वीज पुरवणारी यंत्रे बंद, असे उघडकीस आले. तेव्हा मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मुंबईत एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी वरळीच्या किनारी त्यांचे शव सापडले. ज्या वाहिन्यांतून पाणी जाऊ शकत नाही म्हणून शहर बुडते, त्यांतून माणसाचे प्रेत मात्र समुद्रापर्यंत सुखरूप पोहोचले! त्या दिवशी येथे किती वरिष्ठांनी पद सोडले?

जपानने तोक्योच्या उत्तरेला नव्वदच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे आपला अहवाल कपाटात जात असताना, पुराचे पाणी गिळणारे भूमिगत जाळे खोदायला घेतले आणि २००६ मध्ये ते पुरे केले. त्यातल्या १७७ मीटर लांबीच्या दालनात ५९ स्तंभ आहेत, प्रत्येकी पाचशे टनांचे. पर्यटक त्यांना पाताळातले मंदिर म्हणतात. तेथल्या अभियंत्यांना माहीत आहे की ते स्तंभ छत पेलायला तर आहेतच, पण भूजलाने अख्खे दालन वर उचलले जाऊ नये म्हणूनही तेथे आहेत. ज्या उचलीविषयी आम्ही वर सांगितले, तीच. पाणी मुंबईचे असो वा तोक्योचे, ते एकाच नियमाने दाबते. फरक आहे तो नियम मानणाऱ्यांत.

हे दारिद्र्याचे दुःख असते तर आम्ही अश्रू ढाळले असते. पण २०२५–२६ चा या महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून अधिक होता. १९९३ चे ६१६ कोटी जिला जड वाटले, त्याच तिजोरीतून पुढे काय काय गेले याची यादी येथे द्यायला जागा नाही. ज्ञान होते, पैसा होता, माणसे होती, वेळ तर तीन दशकांचा होता. या साऱ्या व्यवहारात आपली वेळ चोख पाळणारा एकच पक्ष आहे, तो म्हणजे समुद्र. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि घटका महापालिका स्वतःच पावसाळ्यापूर्वी छापून वाटते. शत्रू कोणत्या मिनिटाला दारात येणार हे लेखी हाती असताना ज्या किल्ल्याचे दरवाजे उघडे सापडतात, तेथे फितुरी होती असेच इतिहास म्हणतो.

आणि या फितुरीची किंमत कोण देतो? मलबार हिलच्या उतारावर पाणी थांबत नाही. ते थांबते कुर्ल्याच्या क्रांतीनगरात, जेथे भिंतीवर दर वर्षीच्या पाण्याची रेघ असते आणि आई पोरांची दप्तरे खाटेवर ठेवून स्वतः उभी राहते. ते थांबते गांधी मार्केटच्या गाळ्यांत, जेथे पावसाळ्यापूर्वी माल वरच्या फळीवर चढवणे हा धंद्याचाच भाग झाला आहे. ते थांबते रुळांवर, आणि कर्जत-कसाऱ्याहून येणारी परिचारिका दादरला उतरून गुडघाभर पाण्यातून रुग्णालय गाठते. हे लोक कर भरतात, मतदान करतात आणि बुडतात.

म्हणून आमची मागणी मोघम नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी सहाही उदंचन केंद्रांचे आणि शहरातल्या प्रत्येक छोट्या केंद्राचे संरचनात्मक लेखापरीक्षण महापालिकेबाहेरच्या, शिक्षणसंस्थांतल्या तज्ज्ञांकडून झाले पाहिजे आणि त्याचा अहवाल विभाग कार्यालयांच्या दारांवर मराठीत लावला गेला पाहिजे. प्रत्येक केंद्राच्या संकल्पचित्रावर ज्याची सही आहे, ओतकाम तपासल्याच्या नोंदीवर ज्याची सही आहे, देखभालीच्या देयकावर ज्याची सही आहे, त्यांची नावे केंद्राच्या दर्शनी भिंतीवर कोरली जावीत. उद्घाटकाची कोनशिला बसवायला जागा सापडते, तेव्हा तीही सापडेल. जो पंप भरतीच्या घटकेला सुरू झाला नाही, त्याचा दंड कंत्राटदाराच्या दहा लाखांवर न थांबता त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकापर्यंत गेला पाहिजे. आणि माहुल व मोगरा यांची जमीन कोणत्या कार्यालयात, कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून अडत गेली, हे मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे. जमीन केंद्राची असेल तर दिल्लीला जावे. बुलेट ट्रेनसाठी जागा मिळवताना दिल्लीचा रस्ता कोणाला दूरचा वाटला नव्हता.

या मागण्यांना उत्तर म्हणून नेहमीप्रमाणे एक बैठक होईल, एक पाहणी होईल, बूट घातलेले काही मान्यवर नाल्याच्या काठी उभे राहून बोट दाखवतील. त्यांनी खुशाल दाखवावे. आम्ही मात्र आजच माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक केंद्राच्या देखभालीच्या नोंदी, भेगांचे अहवाल आणि सह्यांची यादी मागवणारे अर्ज महापालिकेकडे दाखल करत आहोत. उत्तरे मिळाली तर ती छापू. नाकारली गेली तर नाकारणाऱ्याचे नाव छापू.